प्रादेशिक विमानसेवा आणि वैमानिकांच्या बढतीचा प्रश्न

टेल्को, बजाज ऑटो, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स अशा कारखान्यांच्या आश्रयाने जी कामगार कुटुंबे पवनेच्या पलीकडे काळेवाडी, रहाटणी, थेरगाव या गावांच्या शिवारात गुंठा-अर्धा गुंठा घेऊन स्थायिक झाली, त्यांच्या तिसऱ्या पिढीत आता इंजिनिअरिंग आणि आय.टी.च्या जोडीला वैमानिकाच्या परवान्याचीही भाषा होऊ लागली आहे. या भाषेला आधार असलेल्या वार्ता मात्र परस्परांशी जुळत नाहीत. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षीच्या जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदविली, तेव्हा एवढी विमाने चालवावयास माणसे कोठून आणणार असा प्रश्न उपस्थित झाला, आणि येत्या दहा-पंधरा वर्षांत तीस हजारांच्या आसपास वैमानिक लागतील असे केंद्रीय मंत्र्यांनीही जाहीरपणे सांगितले. पण त्याच सुमारास, परवाना हाती पडून वर्षे लोटली तरी पहिली नेमणूक न मिळालेले आणि दरमहा कर्जाचा हप्ता मात्र न चुकता भरावा लागणारे तरुणही थोडे नव्हते. टंचाई आणि बेकारी एकाच धंद्यात एकाच वेळी कशी नांदते, याचा उलगडा मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात सापडत नाही. तो पन्नास-सत्तर आसनांची विमाने घेऊन जळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सोलापूर अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांच्या कारभारात शोधावा लागतो. या प्रश्नावर आजवर कोणकोणत्या बाजूंनी काय म्हटले गेले आणि त्यातले काय अद्याप अनिर्णित आहे, याचा आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

पूर्वपीठिका

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा मुंबईस उतरले, तेव्हा विमान चालविणारा, कंपनी काढणारा आणि तिचा नफातोटा सोसणारा हे सारे जवळजवळ एकच होते, त्यामुळे बढती हा शब्दच तेथे अप्रस्तुत होता. तो प्रस्तुत झाला १९५३ नंतर. त्या वर्षीच्या कायद्याने आठ खाजगी कंपन्यांचा देशांतर्गत कारभार इंडियन एअरलाइन्स या एकाच महामंडळाच्या हवाली झाला, आणि डाकोटा चालविणारा वैमानिक व व्हायकाउंट चालविणारा वैमानिक एकाच सेवाज्येष्ठतेच्या यादीत आले. पुढे फोकर फ्रेंडशिप आली, अॅव्हरो आली, कॅराव्हेल आणि बोइंग आली. नव्या माणसाने लहान विमानावर उमेदवारी करावी, तेथे कमांडर व्हावे, मग पुन्हा सहवैमानिकाच्या उजव्या आसनावर बसून मोठे विमान शिकावे आणि कालांतराने त्याचेही आधिपत्य मिळवावे, असा शिरस्ता पडला. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्त्याहून सिलचरला जाणाऱ्या ज्या फोकर विमानाचा संपूर्ण कर्मचारीवर्ग स्त्रियांचा होता, त्याच्या कमांडर कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या. त्याही पुढे फोकरवरून बोइंगवर आणि बोइंगवरून एअरबसवर गेल्या, आणि हा सारा प्रवास त्यांनी एका महामंडळाच्या चाकरीत केला. लहान विमानावर त्यांना शिकविण्यासाठी झालेला खर्च आणि मोठ्या विमानावर त्यांच्या अनुभवाचा झालेला लाभ, दोन्ही एकाच खातेवहीत जमा झाले.

ही व्यवस्था निर्दोष होती असे नाही. यादी हलेना म्हणून कमांडरच्या डाव्या आसनाची वाट पाहत वर्षानुवर्षे उजवीकडे बसून राहिलेल्यांची कुरकुर त्या काळच्या दप्तरांत असणारच. तथापि लहान विमानाकडून मोठ्याकडे जाणे ही तेव्हा बदली होती, हे येथे महत्त्वाचे आहे.

त्या एकसंध रचनेला पहिला तडा १९८१ मध्ये ईशान्य भारताच्या निमित्ताने वायुदूत ही निराळी संस्था निघाली तेव्हा गेला. डॉर्नियरसारखी लहान विमाने घेऊन ती पुढे देशभर पसरली, तोट्यात रुतली आणि १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. विलीन होताना तिच्या माणसांना कोणत्या पायरीवर रुजू करून घ्यावयाचे, हा वाद तिने मागे ठेवला. त्यानंतर १९९६ मध्ये अलायन्स एअर, आणि २००३ मध्ये एटीआर विमाने घेऊन कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाल्यापासून कंपन्या स्वतंत्र, त्यांच्या याद्या स्वतंत्र आणि त्यांचे मालक परस्परांचे स्पर्धक, अशी स्थिती आली. पूर्वी जी बढती होती, ती आता राजीनामा झाली. या एका स्थित्यंतरातून पुढचे जवळजवळ सारे वाद निघाले आहेत असे माझे मत आहे.

उडान आणि महाराष्ट्र

जून २०१६ च्या नागरी विमानवाहतूक धोरणातून निघालेली उडान योजना सर्वश्रुत आहे. सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा, तोटा भरून काढण्यासाठी तीन वर्षे शासकीय अनुदान, आणि त्या मार्गावर तेवढ्या काळापुरता मक्ता, असे तिचे स्थूल स्वरूप. पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीस गेले. महाराष्ट्रात त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शिर्डीचा विमानतळ उघडला, २३ डिसेंबरला पुनरुज्जीवित एअर डेक्कनने अठरा-एकोणीस आसनांच्या बीचक्राफ्ट विमानाने जळगाव मुंबईशी जोडले; ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपी आणि १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा येथे अलायन्स एअरची एटीआर विमाने प्रथम उतरली. कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाने स्टार एअर काढून जानेवारी २०१९ पासून एम्ब्राएर जेट चालविली, आणि गोव्यातील मोपाला तळ करून मार्च २०२४ मध्ये निघालेल्या फ्लाय९१ ने पुणे, जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूर ही नावे आपल्या वेळापत्रकात आणली.

या यादीत जी नावे आज नाहीत, तीही सांगितली पाहिजेत. नव्या एअर डेक्कनने एप्रिल २०२० मध्ये कामकाज थांबवून माणसांना बिनपगारी रजेवर पाठविले. नांदेड, जळगाव, कोल्हापूरकडे येणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३ मधील अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि त्यांतले ५४ च मार्ग मार्च २०२३ मध्ये अनुदानाविना टिकून होते. या अपयशाची कारणे अनेक आहेत: धावपट्टी तयार नसणे, लहान विमाने भाड्याने न मिळणे, इंधन महाग असणे, प्रवासी पुरेसे नसणे. वैमानिकांची उणीव हे त्यांतले एक कारण आहे; एकमेव नाही. पण ज्या तरुणाने अशा कंपनीत पहिली नोकरी धरली त्याच्या दृष्टीने कंपनी कोणत्या कारणाने बुडाली याला फारसा अर्थ नसतो, कारण तिच्याबरोबर त्याची ज्येष्ठताही बुडते आणि दुसरीकडे तो पुन्हा शून्यावर रुजू होतो.

परवान्यापासून कमांडपर्यंत

हा मार्ग एकदा नीट पाहिल्याखेरीज पुढील युक्तिवाद कळावयाचे नाहीत. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी झालेल्या, अठरा वर्षे पुरी केलेल्या आणि प्रथम श्रेणीच्या वैद्यकीय तपासणीत उतरलेल्या उमेदवाराला व्यावसायिक परवान्यासाठी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या डीजीसीएच्या, लेखी परीक्षा द्याव्या लागतात आणि एकूण २०० तासांचे उड्डाण करावे लागते, त्यांपैकी १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर. महाराष्ट्रात याची सोय बारामती, शिरपूर, धुळे, नागपूर, जळगाव, आणि गोंदियाजवळील बिरसी येथे आहे. बेलोऱ्यास एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी संस्था योजिली आहे. खर्च साधारणतः पन्नास लाखांच्या घरात जातो. त्यावर विशिष्ट विमान चालविण्याची अनुज्ञा, म्हणजे टाइप रेटिंग, आणखी पंधरा-वीस लाख. मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट योजनेतून गेल्यास प्रवेशापासून नेमणुकीपर्यंतचा आकडा कोटीला टेकतो.

काळेवाडीसारख्या वस्तीत हा आकडा कसा उभा राहतो, हे पाहण्यासारखे आहे. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज बँका विनातारण देतात, त्यापुढे तारण मागतात. आणि येथील कित्येक कुटुंबांजवळ तारण म्हणून दाखविता येईल अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे राहते घर. ते घर गुंठेवारीच्या जमिनीवर असते, खरेदी कधी नुसत्या नोटरीच्या कागदावर झालेली असते, बांधकामाचा नकाशा मंजूर नसतो, महापालिकेचा शास्तीकर माफ झाला तरी बांधकाम नियमित झालेले नसते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालचे नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हाती नसेल तर राष्ट्रीयीकृत बँकेचा अधिकारी फाइल सौजन्याने परत करतो, आणि मग भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, गावाकडची दोन एकर जमीन व पतपेढीचे चढ्या व्याजाचे कर्ज यांची मोट बांधावी लागते. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आहेत, इतर मागासवर्गासाठी महाज्योती या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना केली. परंतु जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

परवाना मिळाल्यावर खरी उमेदवारी सुरू होते. या धंद्यात माणसाची पत त्याच्या लॉगबुकावरून ठरते. त्या आडव्या वहीत तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणीची अक्षरे, कोठून कोठे, आणि मग वेळेचे निरनिराळे रकाने असतात. कमांडर म्हणून उडविलेला वेळ एका रकान्यात, सहवैमानिक म्हणून उडविलेला दुसऱ्यात, रात्रीचा तिसऱ्यात. नव्या परवानाधारकाच्या वहीत एका इंजिनाच्या सेस्नाचे दोनशे तास असतात आणि प्रवासी विमानाच्या रकान्यांत काहीच नसते. पहिली नोकरी मिळेतो त्याला दरवर्षी वैद्यकीय तपासणी, उपकरणांवरील उड्डाणाची चाचणी आणि इतर नूतनीकरणे स्वखर्चाने चालू ठेवावी लागतात, नाहीतर हातातला परवाना निरुपयोगी होतो. नोकरी मिळाली की उड्डाणांच्या खेपा, म्हणजे सेक्टर, वाढत जातात, १५०० तास पुरे झाले की एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटच्या परवान्यासाठी पात्रता येते, आणि तो परवाना असल्याशिवाय कमांड मिळत नाही.

येथे प्रादेशिक कंपनीचे एक आकर्षण दिसते. मोठ्या कंपनीतील सहवैमानिक ज्येष्ठांच्या लांब रांगेत उभा असतो. लहान कंपनीत रांगच लहान, आणि वर गेलेली माणसे भराभर सोडून जात असल्याने ती पुढेही लवकर सरकते. एटीआरवर दिवसाला पाच-सहा खेपा, म्हणजे तितकी उड्डाणे व तितकीच अवतरणे. आखूड धावपट्ट्या, पावसाळ्यातील घाट, स्वयंचलित साधनांची उणीव, यांमुळे हात तयार होतो असे जुने वैमानिक सांगतात. मुशाहिरा मात्र मोठ्या जेटच्या मानाने कमी, आणि एटीआरचे टाइप रेटिंग एअरबसवर चालत नाही, तेथे पुन्हा नवे घ्यावे लागते.

संख्याबळाचे गणित

समजा एक एटीआर रोज दहा तास हवेत राहते. वर्षाचे होतात ३६५० तास. एका वैमानिकाने वर्षात १००० तासांहून अधिक उडू नये असा नियम आहे, म्हणजे केवळ कागदावर पावणेचार जोड्या लागल्या. पण रजा, आजारपण, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर होणारी परीक्षा, साप्ताहिक विश्रांती, घरी तयार राहावयाचे स्टँडबाय, आणि शिकाऊ सहवैमानिकाबरोबर बसणारा शिक्षक कमांडर यांची वजावट केली की व्यवहारात पाच-सहा जोड्यांखाली भागत नाही. चार विमानांच्या कंपनीला वीस-बावीस कमांडर आणि तितकेच सहवैमानिक झाले. आता यांतील तीन कमांडर एका तिमाहीत गेले, तर शंभर विमानांच्या कंपनीला ते जाणवणारही नाही. या कंपनीचे मात्र एक विमान अर्ध्याहून अधिक वेळ जमिनीवर राहते, आणि त्या विमानाचे भाडे चालूच असते.

रिकामी झालेली जागा नव्या परवानाधारकाने भरत नाही. देशात २०२३ मध्ये विक्रमी १६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले, त्यांत २९३ स्त्रिया होत्या, आणि स्त्री-वैमानिकांचे प्रमाण जागतिक सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे ही खरोखर समाधानाची गोष्ट आहे. तरीही सोळाशेंतील एकही जण दुसऱ्या दिवशी कमांडर होऊ शकत नाही, आणि त्यांना कमांडर करण्यासाठी जो शिक्षक-कमांडर लागतो तोच प्रथम सोडून गेलेला असतो. टंचाई आहे ती डाव्या आसनाची आणि बेकारी आहे ती उजव्या आसनाच्या दारातली, असा या विसंगतीचा उलगडा आहे.

तीन पक्ष

कंपन्यांचे म्हणणे प्रथम. आपण परवानाधारकाला घेतो, टाइप रेटिंग करवितो, महिनोन्महिने शिक्षकाबरोबर बसवितो, आणि तो उपयोगी पडू लागला की मोठी कंपनी त्याला जास्त पगार देऊन उचलते, ही त्यांची तक्रार. चिंचवड-भोसरीतील लहान वर्कशॉपच्या मालकाला ती नवी वाटणार नाही, आय.टी.आय.मधून आलेल्या पोराला लेथवर नि सीएनसीवर हात बसेपर्यंत सांभाळावे आणि बसला की त्याने चाकणच्या मोठ्या कंपनीचे पत्र आणून दाखवावे, हा त्याचा नित्याचा अनुभव. म्हणून कंपन्या दोन उपाय मागतात: ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड, आणि लांब नोटीस. डीजीसीएने ऑगस्ट २०१७ मध्ये कमांडरसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची नोटीस ठरविली ती याच धोरणाने; वैमानिक अकस्मात गेल्यास उड्डाणे रद्द होतात व त्याचा जाच प्रवाशांना होतो, असे तिचे समर्थन.

वैमानिक संघटनांनी या हुकुमाला न्यायालयात आव्हान दिले. दोन खाजगी पक्षांतील नोकरीच्या करारात सुरक्षेचे काम पाहणाऱ्या खात्याने शिरावे का, हा त्यांचा पहिला आक्षेप. दुसऱ्या कोणत्या धंद्यात एक वर्षाची नोटीस असते, हा दुसरा. आणि कंपनीने मात्र पगार थकविला, अटी बदलल्या, किंवा किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली तशी एका रात्रीत दारे लावली, तर वैमानिकाला कोणती नोटीस मिळते, हा तिसरा. या तिसऱ्या आक्षेपाला समाधानकारक उत्तर दिले गेल्याचे माझ्या वाचनात नाही. वादाचे उग्र रूप २०२३ मध्ये दिसले: आकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस न भरता गेले, कंपनीस शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली, आणि ती दिल्ली व मुंबई अशा दोन्ही उच्च न्यायालयांत गेली. मुंबई उच्च न्यायालयाने दावा ऐकण्याचा आपला अधिकार त्या सप्टेंबरात मान्य केला. वैमानिकाला नोटिशीच्या मुदतीने बांधता येते किंवा कसे, या मूळ प्रश्नावरचा वाद मात्र त्याने मिटला नाही. आकासा ही प्रादेशिक कंपनी नव्हे. तिची ही स्थिती, तर चार विमानांच्या कंपनीची काय असेल, हे वाचकाने ताडावे.

संघटनांचा आणखी एक मुद्दा थकव्याचा आहे. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरहून पुण्यास विमान घेऊन निघण्याच्या बेतात असलेला एक कॅप्टन नागपूर विमानतळावरच कोसळून मरण पावला. मृत्यूचा आणि कामाच्या वेळापत्रकाचा कार्यकारणभाव त्यावरून सिद्ध होतो असे म्हणता येणार नाही, पण चर्चेला धार आली. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढविली, आणि रात्रीची अवतरणे सहावरून दोनवर आणली. कंपन्यांनी मुदत मागितली, ती मिळाली, आणि दिल्ली उच्च न्यायालयासमोर ठरल्याप्रमाणे नियम १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अमलात आले. दुसऱ्या टप्प्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, देशातील सर्वांत मोठ्या कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. एका दिवसात हजारांवर उड्डाणे रद्द झाली आणि शासनाला तिला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत काही अटींतून तात्पुरती सूट द्यावी लागली.

प्रादेशिक कंपन्यांवर या नियमांचा परिणाम दुहेरी आहे. लहान विमानतळांपैकी बहुतेकांवर रात्री विमाने उतरतच नसल्याने रात्रीच्या अटीची झळ त्यांना कमी लागते. परंतु मोठ्या कंपन्यांना आता तेवढ्याच उड्डाणांसाठी अधिक माणसे हवीत, आणि तयार माणसे कोठे आहेत हे त्यांना ठाऊक आहे.

शासनाची भूमिका या दोहोंच्या मधली. प्रशिक्षणाची क्षमता वाढवावी म्हणून २०२१ मध्ये जळगाव, बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी येथे नव्या संस्थांना जागा दिल्या गेल्या. प्रशिक्षणसंस्थांची प्रतवारी सुरू झाली, आणि २०२५ मधील पहिल्याच प्रतवारीत सर्वोच्च श्रेणी एकाही संस्थेला मिळाली नाही. परदेशी कंपन्या भारतीय वैमानिक पळवितात, त्यासाठी आचारसंहिता असावी, अशी सूचना भारताने त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेपुढे मांडली. हा युक्तिवाद देशाबाहेरील कंपन्यांना लावावयाचा आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांना का लावावयाचा नाही, असे एखाद्या प्रादेशिक कंपनीच्या चालकाने विचारल्यास ते गैर ठरू नये.

अमेरिकेचा अनुभव

१२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान पडून ५० माणसे मरण पावली. चौकशीत वैमानिकांचे प्रशिक्षण, थकवा आणि तुटपुंजा पगार हे सारेच उजेडात आले, आणि २०१० च्या कायद्याने, प्रत्यक्षात २०१३ पासून, सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट लागली. अपघातग्रस्त विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास पंधराशेहून बरेच अधिक होते, ही बाब विरोधक आजही पुढे करतात. अट आल्यापासून प्रादेशिक कंपन्यांचे अपघात विलक्षण घटले, ही बाब समर्थक. भारतात सहवैमानिक दोनशे तासांवर प्रवासी विमानात बसू शकतो, आणि ती अट येथे आणावी असे सहसा कोणी म्हणत नाही.

उपयोगी आहे ते तेथे पुढे जे घडले ते. २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी इतकी भरती केली की स्कायवेस्टने माणसे नाहीत म्हणून एकदम २९ लहान शहरांची सेवा सोडण्याची सूचना दिली. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी सहवैमानिकांचे पगार झटक्यात जवळजवळ दुपटीकडे नेले. टंचाई नसून पगाराची कंजुषी आहे, असे जे वैमानिक संघटना सांगत होत्या त्याला यातून बळ मिळाले. पगार वाढले तसा लहान शहरांचा प्रवास महागला, यातून कंपन्यांच्या म्हणण्यालाही मिळाले. तेथील दुसरी प्रथा अधिक विचार करण्याजोगी आहे. प्रादेशिक उपकंपनीत ठरावीक काळ काढलेल्यास मूळ कंपनीत क्रमाने जागा देण्याचा करार तेथे होतो, म्हणजे १९५३ नंतर आपल्याकडे जी यादी होती तीच दोन कंपन्यांमध्ये कराराने जोडली जाते. आपल्याकडे इंडिगोसारख्या कंपनीच्या घरात एटीआर आणि एअरबस दोन्ही असल्याने तिला हे आपोआप साधते. अलायन्स एअर एप्रिल २०२२ मध्ये एअर इंडियापासून निराळी झाली, तेव्हा तिच्या वैमानिकांपुढची ती वाट उलट बंद झाली.

अनिर्णित राहिलेले

मूळ प्रश्न असा आहे की पहिल्या दीड हजार तासांचा खर्च कोणी सोसावयाचा. सध्या तो उमेदवाराचे कुटुंब, लहान कंपनी आणि उडानचे अनुदान यांच्यात वाटला जातो, आणि लाभ मुख्यतः चौथ्याकडे जातो. मोठ्या कंपनीने माणूस उचलताना लहान कंपनीला प्रशिक्षणाचा मोबदला द्यावा, ही सूचना ऐकावयास न्याय्य वाटते. पण तो मोबदला अखेर वैमानिकाच्या पगारातून कापला जाईल काय, आणि तसे झाल्यास तो बाँडचेच दुसरे रूप होईल काय, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी लागू करण्याची कल्पनाही अशीच अधांतरी आहे, कारण बुडालेल्या कंपनीकडून नोटिशीचा पगार वसूल करणे न्यायालयालाही सोपे नसते. निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ करावे, ही मागणी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२५ च्या अधिवेशनात मान्य केली नाही. केली असती तरी लहान कंपन्यांना तिचा लाभ किती झाला असता याविषयी मला शंका आहे, कारण ज्येष्ठ कमांडर तोवर मोठ्या विमानावर गेलेलेच असतात.

माझा कल विचाराल तर नोटीस आणि बाँड यांनी माणूस काही महिने अडतो, टिकत नाही. दोन कंपन्यांत ज्येष्ठता जोडणारा करारच त्याला ठरावीक काळ खुषीने थांबवील, आणि उडानचे मार्ग देताना शासनाने अशा करारास प्राधान्य द्यावे. परंतु हे मत आहे, निर्णय नव्हे. तो करण्यास लागणारी माहिती आधी सर्वांसमोर यावयास हवी. वर्षाकाठी परवाने किती दिले, हा आकडा संसदेत अभिमानाने सांगितला जातो. त्यांपैकी कितींना किती काळाने पहिली नेमणूक मिळाली, प्रत्येक प्रकारच्या विमानावर कमांडर किती आहेत, आणि प्रत्येक प्रादेशिक कंपनीतून वर्षभरात किती जण गेले, हे तीन आकडेही डीजीसीएने त्याच्या शेजारी छापावेत, म्हणजे घराचा कागद बँकेत घेऊन निघालेल्या पालकाला ते आधी वाचता येतील.